हिंगण्याच्या वाडीतला पालक

नागपुरातून हिंगण्याला जायचं म्हणजे आता पूर्वीइतका खटाटोप राहिलेला नाही. २०२० च्या जानेवारीत मेट्रो लोकमान्यनगरपर्यंत आली, तेव्हापासून सीताबर्डीला बसायचं आणि सुभाषनगर, वासुदेवनगर, बन्सीनगर अशी स्टेशनं मोजत बघता बघता शहराबाहेर पडायचं. पुढे एमआयडीसीचे कारखाने, वानाडोंगरी आणि मग एकमेकांना लागून असलेली रायपूर-हिंगणा ही गावं. हिंगणा तालुक्याचं ठिकाण असलं, तरी आम्हां नागपूरकरांच्या डोळ्यांपुढे हे नाव घेतलं की कारखान्याच्या पाळ्या आणि मालमोटारींची रांगच येते. पण मोठा रस्ता सोडून वेणा नदीच्या अंगाला जरा आत वळावं, की दिसते काळीभोर जमीन आणि तिच्यात आखलेले भाजीपाल्याचे हिरवे वाफे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला मळा म्हणतात, ती ही आमच्याकडची वाडी.

थंडीच्या दिवसांत इथला बाजार बघण्यासारखा असतो. मेथी, पालक, आंबट चुका, चाकवत, लाल माठ, करडईची कोवळी पानं आणि या सगळ्यांच्या शेजारी सांबाराच्या जुड्या. (पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींसाठी सांगते, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. नागपुरात नवी आलेली सून पहिल्या दिवशी 'सांबार आण' म्हटल्यावर हमखास गोंधळते.) या सगळ्यांत खप सर्वांत जास्त पालकाचाच. भाजीवाल्या बाईला विचारलं, तर ती सांगते, "बायाच घेते जास्त. रक्त वाढते म्हंते न बाई."

हेच वाक्य मला शाळेतही ऐकू येतं. मी अर्धवेळ शिकवते. आठवड्यातून एकदा मुलींना लोहाची निळी गोळी दिली जाते, तेव्हा एखादी तरी मुलगी ती मुठीत दाबून ठेवते आणि म्हणते, "आई म्हणते, गोळी नको, आपण पालक खातो ना!" शाळेतल्या पालकसभेत मग या पालकावरून पालकांशी बोलावं लागतं. विषय हसण्यावारी नेण्यासारखा मात्र नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जणी त्यांत असू शकतात. तेव्हा पालक रक्त वाढवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

आधी वाडीतच पाहू, हा पालक येतो कसा. वाफे करून, शेणखत घालून, ओळीत बी टाकतात. हे बी मोठं गमतीचं असतं. खडबडीत, चपटं, वाटाण्यापेक्षा लहान. आपण ज्याला एक बी म्हणतो, तो खरं तर दोन-तीन फळांचा एकत्र चिकटलेला गोळा असतो, म्हणून एका जागी दोन-तीन कोंब वर येतात. वाडीतली मावशी म्हणाली, "रातभर पाण्यात टाकून ठेवा लागते, नाही तं उगवाले लय वेळ लावते." पेरल्यापासून साधारण महिन्याभरात पहिली कापणी होते. जमिनीपासून दोन बोटं वर विळ्यानं कापायचं, पाणी द्यायचं, की पंधरा-वीस दिवसांत पुन्हा पानं हजर. 'ऑल ग्रीन' नावाचं एक जुनं, सगळीकडे चालणारं वाण आहे. त्याच्या अशा सहा-सात कापण्या होतात. घरच्या कुंडीत लावायलाही हे सोपं आहे. उन्हाळा जवळ आला, दिवस मोठा झाला, की मधून दांडा वर फुटतो, त्याला बारीक हिरवट फुलांचे तुरे येतात आणि पानं निबर होतात. मग तो पालक भाजीचा राहत नाही, बियाण्यासाठी ठेवतात.

आणि आता एक नवलाची गोष्ट. आपण बाजारातून पालक म्हणून जी जुडी आणतो, ती बहुतेक वेळा इंग्रजी पुस्तकातला 'स्पिनच' नसतेच! आपल्याकडे पालक या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. जाड, गुळगुळीत, लांबट-गोल पानांचा, पुन्हा पुन्हा कापता येणारा, तो आपला देशी पालक. वनस्पतिशास्त्रात तो बीटाचा सख्खा भाऊ. कोशिंबिरीचं लाल बीट, युरोपात ज्याची साखर करतात ते पांढरं बीट आणि आपला देशी पालक, ही सगळी 'बीटा व्हल्गारिस' या एकाच जातीची लेकरं. कुणी कंद पोसला, कुणी पान पोसलं, एवढाच फरक. बीटाची कोवळी पानं आणि पालक शेजारी ठेवून पाहा, नातं लगेच पटेल. देशी पालकाच्या शास्त्रीय नावात 'बेंगालेन्सिस' असा शब्द येतो. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांनी बंगालवरून हे नाव दिलं.

दुसरा तो विलायती पालक, म्हणजे 'स्पिनॅशिया ओलेरॅसिया'. याची पानं पातळ, पुष्कळदा बाणाच्या टोकासारखी, आणि मुळाशी गुलाबी झाक. याला थंडी फार लागते. शिवाय याच्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, पपईसारखं. देशी पालकात मात्र एकाच फुलात दोन्ही असतात. विलायती म्हटलं तरी हा मूळचा इंग्लंडचा नव्हे, इराणचा. तिथून तो नेपाळमार्गे इसवी सन ६४७ मध्ये चीनला भेट म्हणून गेल्याची नोंद चिनी ग्रंथांत आहे, आणि चिनी लोक त्याला 'फारसी भाजी' म्हणू लागले. पश्चिमेकडे अरबांनी तो स्पेनपर्यंत नेला. तिकडच्या एका अरबी शेतीशास्त्रज्ञानं बाराव्या शतकात त्याला पालेभाज्यांचा मुखिया म्हटलं आहे. या दोन्ही पालकांचं कूळ एकच, आणि चाकवतही त्याच कुळातला. माठ, तांदुळजा आणि राजगिरा यांनाही आता शास्त्रज्ञांनी याच कुळात घेतलं आहे. म्हणजे हिंगण्याच्या बाजारातली निम्मी पाटी एकाच घरातली निघाली!

नात्यागोत्याची ही चौकशी उगीच केली नाही. पुस्तकांत पालकाचे म्हणून जे आकडे छापलेले असतात, ते बहुधा विलायती पालकाचे असतात. देशी पालकाची प्रकृती त्याच्यासारखीच असली, तरी आकडा तंतोतंत जुळेलच असं नाही. त्यात माती, पाणी, पानाचं वय यांनी फरक पडतो तो वेगळाच.

आता लोहाकडे वळू. पालक आणि लोह ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की बसली, याला एक कारण आपल्याच पुस्तकांत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे अन्नघटकांचे तक्ते देशभर प्रमाण मानले जातात. त्यांच्या जुन्या आवृत्त्यांत १०० ग्रॅम पालकात १०.९ मिलिग्रॅम लोह दिलेलं होतं. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत तो आकडा १.१४ वर आला आणि २०१७ च्या नव्या तक्त्यांत तो सुमारे ३ मिलिग्रॅम आहे. पालेभाजीचं लोह मोजणं अवघड असतं. पान जमिनीलगतचं, त्यावर माती उडालेली. ती पुरती निघाली नाही, तर मातीतलं लोहही पानाच्याच खात्यात जमा होतं. पण शाळेच्या वहीत एकदा उतरलेला मोठा आकडा लोकांच्या तोंडून सहजी जात नाही.

तिकडे अमेरिकेतही असंच झालं. पालकाचा डबा पिऊन दंड फुगवणारा पॉपाय खलाशी आपल्या मुलांनाही माहीत आहे. हे पात्र १९२९ साली वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत आलं, आणि पालक पिकवणाऱ्या टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटी गावानं १९३७ साली त्याचा पुतळाच उभारला. कुणा जर्मन शास्त्रज्ञाचं दशांशचिन्ह चुकलं आणि पालकाचं लोह दहापट झालं, अशी एक गोष्टही फार सांगितली जाते. शोध घेणाऱ्यांना मात्र तिला पुरावा सापडला नाही. मजा म्हणजे, चित्रमालिकेतल्या पॉपायनं लोहाचं नावही घेतलं नव्हतं. पालकात 'अ' जीवनसत्त्व आहे म्हणून तो खातो, असं त्यानं सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

आपण आता स्वयंपाकघरातला हिशेब मांडू. निवडून पाव किलो पालक चार माणसांत वाटला, तर प्रत्येकीच्या वाट्याला साधारण ६० ग्रॅम येतो. त्यात लोह २ मिलिग्रॅमच्याही आतच. २०२० च्या भारतीय शिफारशीप्रमाणे आपल्याला, म्हणजे पाळी येत असलेल्या बाईला, दिवसाला आहारातून २९ मिलिग्रॅम लोह हवं. पुरुषांना १९ पुरतं. पण भाजीचा शेवटचा घास आधी कुणाला वाढला जातो आणि पातेलं पुसून कोण खातं, हे मी सांगायला नको. नुसत्या पालकावर २९ ची भरती करायची, तर रोज एकेकटीनं जवळजवळ एक किलो पालक खावा लागेल! उलट शाळेतल्या त्या छोट्याशा निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. गोळीऐवजी पालक, हे गणित जमत नाही ते असं.

मग 'पालकानं रक्त वाढतं' हे आपल्या सासवा-आयांचं म्हणणं खोटं का? नाही, मैत्रिणींनो. इथे कथा आपल्या मुंबईत येते. १९२८ च्या सुमाराला ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत, काही दगावतही, त्याचं कारण त्यांना शोधायचं होतं. हा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नव्हता. यात रक्ताच्या तांबड्या पेशी आकारानं मोठ्या पण संख्येनं कमी होत. त्या बायकांचा आहार तपासता तपासता बाईंना आढळलं, की यीस्टपासून केलेला एक स्वस्त अर्क खायला दिला की रोगी सुधारतात. त्यातलं औषधी द्रव्य कोणतं, हे मात्र तेव्हा सापडलं नाही. पुढे १९४१ साली टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं आणि लॅटिन भाषेत पान म्हणजे 'फोलियम', म्हणून त्याचं नाव ठेवलं फोलिक अ‍ॅसिड. विल्सबाईंच्या अर्कातलं औषध ते हेच! डॉक्टर गरोदरपणात जी गोळी देतात, तिच्यात लोहाच्या जोडीला हेच असतं. नव्या रक्तपेशी घडायला ते लागतंच, आणि पोटातल्या बाळाचा मेंदू व पाठीचा कणा नीट होण्यासाठी ते दिवस राहण्याच्या आधीपासून अंगात असावं लागतं.

या बाबतीत पालक खरोखर श्रीमंत आहे. १०० ग्रॅममध्ये सुमारे १४० मायक्रोग्रॅम फोलेट. बाईची रोजची गरज २२०, म्हणजे आपल्या वाट्याच्या ६० ग्रॅममधून एक तृतीयांशाहून जास्त मिळू शकतं. जोडीला डोळ्यांसाठी कॅरोटीन आहे आणि जखमेचं रक्त गोठायला लागणारं 'के' जीवनसत्त्व आहे. तेव्हा पालक खायचा तो फोलेटसाठी आणि कॅरोटीनसाठी. लोहाचा भार मात्र त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकायचा नाही.

कॅल्शियमचंही तसंच. पालकात ते आहे, पण त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं आम्ल ते घट्ट धरून ठेवतं. पालक खाल्ल्यावर दातांवर जो खरखरीतपणा जाणवतो, तो याच आम्लाचा. दुधातल्या कॅल्शियमचा पाव हिस्सा तरी शरीरात जिरतो, पालकातला जेमतेम विसावा. मेथीत हे आम्ल बरंच कमी असतं. शेवग्याचा, म्हणजे इकडच्या मुनग्याचा पालाही याच कारणानं आठवड्यातून एकदा करावा.

हे सगळं समजून आपल्या वऱ्हाडी-नागपुरी डाळभाजीकडे पाहिलं, की तिचं कौतुक वाटतं. पुण्याकडच्या पंगतीत अळूची पातळ भाजी, तशी आमच्याकडे लग्नात डाळभाजी हवीच. तुरीची डाळ, मूठभर चण्याची डाळ, शेंगदाणे, भरपूर पालक, चवीला चुका आणि वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी. डाळी-दाण्यांचं प्रथिन आलं, थोडं लोहही आलं, आणि फोडणीच्या तेलामुळे कॅरोटीन अंगी लागलं. घरी करताना काही गोष्टी मात्र सांभाळाव्या.

पालक आधी तीन पाण्यांतून धुवावा आणि मगच चिरावा. चिरून धुतला तर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. धुताना पाण्यात बुडवून हलवावा आणि पानं वर काढून घ्यावी, म्हणजे माती तळाशी राहते. नुसतं चाळणीत ठेवून वरून पाणी ओतलं, तर काळी माती देठाच्या खोबणीतून निघत नाही. डाळ आणि दाणे कुकरमध्ये वेगळे शिजवावे आणि पालक शेवटी घालून पाच-सात मिनिटांतच गॅस बंद करावा. पालक उकळून, पिळून, पाणी फेकून देण्याची काही घरांत रीत आहे. त्यानं ऑक्झॅलेट कमी होतं खरं, पण फोलेटही त्याच पाण्यात जातं. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनीच तसं करावं, आणि पालक किती खायचा ते डॉक्टरांना विचारावं. आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यात घाम फार, त्यात पाणी कमी प्यालं की खड्याला निमित्तच मिळतं.

चुका चवीला छान, पण त्यातही तेच आम्ल आहे. म्हणून चुका बेतानं घालावा आणि ताटात लिंबाची फोड जरूर घ्यावी. लिंबाचं 'क' जीवनसत्त्व डाळीतलं आणि पाल्यातलं लोह शरीरात शोषून घ्यायला मदत करतं. पालकाचा हंगाम आणि संत्र्याचा हंगाम आमच्याकडे हातात हात घालून येतात. काटोल-नरखेडकडची संत्री बाजारात आली, की जेवणानंतर एक खावं. लोखंडी कढईत भाजी केली तर थोडं लोह तिच्यातूनही उतरतं. मात्र जेवणावर लगेच चहा नको. चहा लोहाला अडवतो, तासाभरानं घ्यावा. लोहाची गोळीही चहा-दुधाबरोबर न घेता पाण्याबरोबर घ्यावी. गोळीनं शौचाला काळं होतं, त्यानं घाबरून ती सोडू नये. आणि घरात कुणाला रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल, तर पालक एका दिवशी ढीगभर आणि मग पंधरा दिवस नाही, असं करू नये. 'के' जीवनसत्त्वामुळे औषधाचं प्रमाण बिघडतं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दम लागणं, चक्कर येणं, सतत थकवा, जिने चढताना छातीत धडधड, हे 'घरकामामुळे होतं' म्हणून आपण अंगावर काढतो. पण रक्त कमी असण्याची कारणं अनेक असतात. कधी लोह कमी, कधी फोलेट किंवा बी-१२ कमी, कधी जंत, कधी पाळीत फार रक्त जाणं. आणि आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजारही बऱ्याच घरांतून आढळतो. त्यात दोष पेशीच्या घडणीतच असतो, पालक खाऊन किंवा मनानं गोळ्या घेऊन तो जात नाही. म्हणून आधी तपासणी. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या दोन्ही तपासण्या होतात. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर उपचार हवा. सून घरात यायच्या आधी पत्रिका जुळवतो, त्याच हौसेनं मुलामुलींची सिकलसेलची तपासणी करून घेतली, तर पुढच्या पिढीचं केवढं दुःख टळेल!

बाजारात पालक घेताना पानं तजेलदार, कोवळी, देठ सहज मोडणारा असा पाहून घ्यावा. पिवळा, फुलावर आलेला नको. कुठल्या वाडीतला आहे, कोणत्या पाण्यावरचा आहे, हे विचारायला संकोच करू नये. पालेभाजी जमिनीतलं आणि पाण्यातलं बरंवाईट सगळं उचलते. हिंगण्याच्या बाजारातली बाई या प्रश्नाला मोकळेपणानं उत्तर देते, कधी वाडी दाखवायलाही तयार होते. आठवड्यात दोनदा पालक घ्यावा, दोनदा मेथी किंवा माठ, एकदा चाकवत नाही तर मुनग्याचा पाला. रोज एकीच्या वाट्याला १०० ग्रॅम पालेभाजी यावी असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे चौघांच्या घरात एका जुडीनं भागत नाही, दोन लागतात. आणि वाढताना आपली वाटी आधी भरून बाजूला ठेवावी, पातेलं पुसायची वेळ येईपर्यंत थांबू नये.